कडेला दाबायचं नाही

३ फेब्रुवारी, सोमवार

माझा एक दात लांब झालाय.

ही वही स्टुडिओतून मिळालेली नवीन वर्षाची भेट. जानेवारीभर कोरी पडून होती, कारण माझ्या आयुष्यात लिहून ठेवण्यासारखं काही घडत नाही. आज घडलं.

दुपारी गिऱ्हाईक नव्हतं. स्टुडिओवाल्या काकांनी नवी लेन्स आणली होती आणि ती तपासायला त्यांना कुणाचं तरी तोंड हवं होतं. "बस गं स्टुलावर. हस बघू." बसले. हसले. माझं काम फोटो सुधारण्याचं. लोकांचे मुरूम घालवायचे, डोळ्यांखालची काळी वर्तुळं पुसायची, दात पांढरे करायचे. त्यामुळे फोटो स्क्रीनवर आला की माझा हात आपोआप झूमवर जातो. चारशे टक्के केलं आणि स्क्रीनला नाकच लावलं. वरच्या ओळीतला डावीकडचा सुळा शेजाऱ्यांपेक्षा लांब. म्हणजे दात खाली वाढलेला नाही, वरून हिरडी सरकलीये. कधी उजेड न पाहिलेला पिवळसर भाग उघडा पडलाय.

"चारशे टक्क्यांवर कुणीही म्हातारंच दिसतं," काका म्हणाले. हे वाक्य ते रडकुंडीला आलेल्या नवरीमुलींना सांगतात. मी स्वतः ते त्यांच्याकडून शेकडो वेळा ऐकलंय, तेव्हा माझ्यावर त्याचा काय परिणाम होणार.

पंचवीस वय. अजून मी धड कामाला लागले नाही आणि हिरड्या निवृत्त व्हायला निघाल्या.


४ फेब्रुवारी, मंगळवार

रात्रीच्या जेवणात घरी सांगितलं. आईने चष्मा लावून तोंडात डोकावून बघितलं आणि म्हणाली, "मला तर काही दिसत नाही, पण एखाद्या डॉक्टरला दाखव." बाबांनी माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. ते जेवणानंतरचं सफरचंद चिरत होते. बाबांचं सफरचंद चिरणं बघण्यासारखं असतं. कागदाइतक्या पातळ चकत्या करतात आणि एकेक चकती हळूच जिभेवर ठेवतात. मक्याचं कणीस असलं तर सुरीने दाणे सोडवून चमच्याने खातात. इतका नजाकतीने खाणारा माणूस दिवसभर धुळीत फरश्या घासतो यावर कुणाचा विश्वास बसणार नाही.

"डॉक्टर काही नको," ते सुरीकडे बघतच म्हणाले. "ती माणसं उपटायलाच बसलेली असतात. घासत नसशील नीट."

"घासते की, बाबा."

"मग आणखी घास."

आणि सफरचंद अर्धं टाकून उठले. चिडले असणार. आमच्या घरात अस्वच्छतेसारखा दुसरा गुन्हा नाही. बाबांचा धंदा फरशी पॉलिशचा. लोकांच्या जुन्या, काळवंडलेल्या फरश्या ते मशीनने घासून आरशासारख्या करून देतात, आणि तोच नेम घरातही. भांडी, ओटा, नळ, मी. लहानपणी माझे गुडघे ते काथ्याने घासायचे. "घासलं की निघतं" हे वाक्य माझ्या कानांवर नावाच्याही आधी पडलं असावं.


९ फेब्रुवारी, रविवार

पहिला अधिकृत फोटो काढला. दर रविवारी, स्टुडिओ बंद असताना, त्याच स्टुलावर, त्याच दिव्यात, त्याच लेन्सने सुळ्याचा फोटो काढायचा आणि मागच्याशी ताडून बघायचा. काकांनी किल्ली दिली. "चेहरा ठेव गं जरा फोटोत," म्हणाले, "नुसता दात बघून मला झोप यायची नाही."

दात घासण्याचंही शिस्तीत सुरू केलंय. सकाळी, दुपारी, झोपताना. ब्रश बाबांच्या गठ्ठ्यातला, कडक. बाबा ब्रश गठ्ठ्याने आणतात आणि नेहमी कडकच आणतात. मऊ ब्रश म्हणजे त्यांच्या मते लहान मुलांचं आणि आजाऱ्यांचं काम. मी आडवा धरून, कोपर वर उचलून, मनात गाणं म्हणत घासते. सुळ्याला एक कडवं जास्त.

बाबांचा मात्र हात धरणारा कुणी नाही. ते सकाळी बाथरूमचं दार लावतात, नळ सोडतात आणि आतून खर्र खर्र आवाज सुरू होतो तो अर्धा तास चालतो. फरशी घासल्यासारखा खणखणीत आवाज. माझ्या घासण्याला असा आवाज कधी येत नाही. अजून कमी पडतेय, एवढाच त्याचा अर्थ.


१३ फेब्रुवारी, गुरुवार

बाबा डबा घरीच विसरले म्हणून त्यांच्या कामावर गेले होते. एका मोठ्या घराचा दिवाणखाना चालू होता. खोलीभर दुधासारखं पाणी, मध्ये मशीन घरघरतंय, आणि बाबा नव्या माणसावर ओरडतायत.

"अहो, कडेला दाबायचं नाही! किती वेळा सांगू? मधे चालवा तुमची ताकद. कडेला मशीन दाबलं की कड उडते, आणि उडालेली कड काही परत चिकटत नाही. कोपरे हाताने करायचे. मऊ फडक्याने. कोपऱ्यातच घाण बसते आणि कोपराच सगळे सोडतात."

नवा माणूस माझ्याहून दुप्पट वयाचा होता, पण मान खाली घालून ऐकत होता. बाबा कामावर असताना त्यांच्यापुढे कुणाची टाप नसते. डबा ठेवून मी गुपचूप निघाले. बाहेरच्या नळावर हात धुतले, थोडं पाणी प्यायले आणि डाव्या बाजूला अशी सणक गेली की डोळ्यांत पाणी आलं. थंड पाणी होतं एवढंच.


१६ फेब्रुवारी, रविवार

दुसरा फोटो. मागच्या शेजारी ठेवून बघितला. सुधारणा शून्य. उलट मला तर वाटतं केसभर अजून सरकलीये. पण केसभराचं काय, लेन्सही इकडेतिकडे होते.

एक गोष्ट मात्र अभिमानाची. आठवड्यात ब्रशचे केस चारी दिशांना पसरले. झोपेतून उठलेल्या माणसासारखा दिसायला लागला. आईने तो हातात घेऊन बराच वेळ बघितला आणि जागेवर ठेवून दिला. बाबांना दाखवला तर त्यांनी पहिल्यांदाच माझ्या पाठीवर थाप मारली. "अस्सं," म्हणाले. मग गठ्ठ्यातून नवा काढून दिला.


२० फेब्रुवारी, गुरुवार

आमच्याकडे फ्रेमा घेऊन येतो तो फ्रेमवाला स्वतःला विनोदी समजतो. काउंटरवर फ्रेमा ठेवल्या की एक विनोद सांगितल्याशिवाय पावतीवर सही करत नाही. आज म्हणाला, "एक गिऱ्हाईक आलं. सासूबाईंचा फोटो घेऊन. म्हणे, काच जरा जाड लावा. म्हटलं का हो? म्हणे, आवाज बाहेर यायला नको."

मला हसू फुटलं होतं. खरंच फुटलं होतं. पण आजकाल हसू आलं की आधी सुळा आठवतो, म्हणून मी ओठ घट्ट मिटले, हात तोंडावर घेतला आणि खोकल्यासारखं काहीतरी केलं. त्याचं तोंड उतरलं.

"माझा विनोद लाकडी असतो वाटतं," तो म्हणाला.

"तसं नाही हो," मी हाताआडून म्हटलं.

"नाही, कळलं मला." पावतीवर सही करून गेला. दारात एकदा वळून बघितलं. बहुतेक माझ्या दाताकडेच बघत असणार. इतक्या लांबूनही दिसायला लागला की काय?


२६ फेब्रुवारी, बुधवार

पुढच्या महिन्यात आईबाबांच्या लग्नाला तीस वर्षं होतात. त्यांच्या लग्नाचा एकुलता एक फोटो कपाटात पिवळा पडत चाललाय. तो गुपचूप स्टुडिओत आणला. सुधारून, मोठा करून, फ्रेम करून द्यायचा बेत आहे.

स्कॅन करून स्क्रीनवर घेतला आणि बघतच राहिले. बाबा हसतायत. नुसते हसत नाहीत, बत्तीशी दाखवून हसतायत, डोळे मिटेपर्यंत. आई त्यांच्याकडे बघून लाजतीये. बाबांना असं हसताना मी जन्मात पाहिलेलं नाही. आमच्या घरातल्या बाकीच्या सगळ्या फोटोंत ते ओठ मिटून, निवडणुकीला उभे राहिल्यासारखे असतात. टीव्हीवर काही विनोदी लागलं तर मूठ तोंडापुढे धरतात आणि खांदे हलवतात. लग्नाने माणूस गंभीर होतो म्हणतात ते हेच असावं.

मग माझा हात झूमवर गेला. चारशे टक्के. आणि माझ्या तोंडचं पाणी पळालं. बाबांचा वरचा सुळा लांब! डिट्टो माझ्यासारखा. फक्त त्यांचा उजवीकडचा, आरशात बघितल्यासारखा.

म्हणजे हे रक्तातच आहे. बाबांनी नाक दिलं, भुवया दिल्या, आणि हेही दिलं. आता घासून तरी काय उपयोग? पण मग बाबांचे दात आज इतके सरळ, पांढरे, एकसारखे कसे? सोपं आहे. त्यांनी घासून घासून रोग मागे हटवला. आता मलाही तेच करायला हवं. घासण्याची वेळ वाढवतेय.


२ मार्च, रविवार

फोटो काढला. ताडून बघितला. वही मिटली. मग परत उघडली.

ही चूक नाही, लेन्स नाही, दिवा नाही. हिरडी सरकलीये. सुळ्याच्या शेजारच्या दाताचीही सरकायला लागलीये. मूळ दिसतंय आणि हिरडीच्या कडेला लाल रेघ आहे. आज घासताना बेसिनमध्ये रक्त पडलं. मी ते पटकन पाण्याने घालवलं, आईला दिसू नये म्हणून.

खरं सांगायचं तर मला भीती वाटतेय. गंमत करून लिहितेय तरी. तिशीत दात पडलेल्या बाईला कुणी स्टुडिओच्या काउंटरवर बसवत नाही, आणि काका बसवतील म्हणा, पण मीच बसणार नाही. मला मोठ्यांदा हसायला आवडतं. शाळेत माझ्या हसण्यावरून बाई वर्गाबाहेर काढायच्या. ते हसणं जाईल याची भीती वाटते, दाताची नाही.

आता एकच उरलं. डॉक्टर. बाबांना सांगायचं नाही.


६ मार्च, गुरुवार

धाबं दणाणलं होतं, पण गेले. डॉक्टरीणबाई माझ्याहून फार तर दहा वर्षांनी मोठ्या. खुर्चीत आडवं पडताना मी म्हटलं, "काढणार असाल तर आधी सांगा, म्हणजे मी उठून जाईन."

"कोण काढतंय?" त्या हसल्या. आरसा घातला, बघितलं, आणि पहिलाच प्रश्न विचारला, "उजव्या हाताने लिहिता ना?"

"हो. पण..."

"आणि ब्रश कडक. आडवा चालवता. जोर लावून. दिवसातून तीन वेळा तरी."

मला वाटलं बाबांनीच आधी येऊन सगळं सांगून ठेवलंय. अभिमानाने हो म्हटलं.

"किती दिवसांत केस पसरतात ब्रशचे?"

"आठवड्यात!" मी म्हटलं.

त्यांनी हातातला आरसा खाली ठेवला. "अहो ताई," त्या म्हणाल्या, "हिरडी आपणहून सरकलेली नाही. तुम्ही ती घासून घालवलीत."

मग समजावून सांगितलं. उजव्या हाताच्या माणसाचा जोर डाव्या सुळ्यावर येतो, कारण ओळ तिथे वळते. डावखुऱ्याचा उजव्यावर. आणि मी बाहेरून एवढं घासलंय की दातांना चरे पडलेत, पण आतल्या बाजूला आणि फटींत मात्र किटण साठलंय, कारण तिथे माझा ब्रश कधी गेलाच नाही. त्यांनी किटण काढलं. मऊ ब्रश दिला. पेन्सिलीसारखा बोटांत धरायचा, तिरका, हिरडीकडून दाताकडे. फटींत दोरा फिरवायचा. "समोर टोमॅटो आहे असं समजा," म्हणाल्या. "साल निघता कामा नये."

"हिरडी परत वाढेल ना?"

"नाही. गेलेली परत येत नाही. पण थांबेल. आहे ती सांभाळलीत तर म्हातारपणापर्यंत पुरेल."

परत येत नाही. रस्ताभर तेवढंच डोक्यात. बाबा डावखुरे आहेत हे मला बसस्टॉपवर आठवलं. रक्तात वगैरे काही नव्हतं. फक्त हात.

घरी आले तेव्हा बाबा चहा पीत होते. मी चप्पलही न काढता बाथरूममध्ये गेले, ब्रशांचा गठ्ठा आणला आणि त्यांच्यासमोर कचऱ्याच्या डब्यात टाकला. "तुमच्या या ब्रशांनी झालंय हे. आणखी घास, आणखी घास! घासूनच गेली माझी हिरडी. परत यायची नाही ती, बाबा. कधीच." मी बरंच काही बोलले. आई मधे पडली, तरी बोलले. मला वाटलं होतं बाबा ओरडतील, मग मीही ओरडेन आणि मोकळं होईल. पण त्यांनी कप खाली ठेवला, उठले, बाथरूममध्ये गेले, दार लावलं. नळ सोडल्याचा आवाज आला. घासण्याचा आला नाही.

मला जिंकल्यासारखं वाटायला हवं होतं. अजिबात वाटलं नाही.


८ मार्च, शनिवार

सकाळी स्वयंपाकघरात गेले तर बाबा टेबलाशी बसलेले. कामाचे कपडे घातलेले, पण निघालेले नाहीत. आई ओट्याशी पाठ करून उभी. समोर एक रिकामा कप.

"बस," बाबा म्हणाले.

बसले. त्यांनी तोंडापुढे मूठ धरली, टीव्ही बघताना धरतात तशीच. मान खाली घातली. आणि मूठ उघडून कपात काहीतरी ठेवलं. मग खालचं काढलं, तेही ठेवलं. वर बघितलं तेव्हा बाबांचा चेहरा एकदम आजोबांचा झाला होता. गाल आत, ओठ आत.

"घे," बाबा म्हणाले. शब्द हवेने भरलेले येत होते. "झूम करून बघ."

कपात दात होते. सगळे. सरळ, पांढरे, एकसारखे. मला सफरचंदाच्या चकत्या आठवल्या. कणसाचे सोडवलेले दाणे. बंद दार, सोडलेला नळ, आणि तो खणखणीत आवाज. इतकी वर्षं एका घरात राहून माझ्या डोक्यात काय भरलं होतं कोण जाणे. परक्यांचे मुरूम मला चारशे टक्क्यांवर दिसतात.

"लग्नानंतर हलायला लागले," ते म्हणाले. "हिरड्या सरकल्या. मला वाटलं, आपण घासत नाही नीट. दिवसभर फरशीची धूळ तोंडात. म्हणून आणखी घासलं. जितके हलायचे तितके घासायचो. तू तेव्हा रांगत होतीस. शेवटी सगळे काढायची वेळ आली. ज्याने काढले तो बाहेर थांबलेल्या सगळ्यांसमोर म्हणाला, 'काय हो, जन्मात कधी घासले नाहीत का?'"

आईने वळून बघितलं.

"तेव्हाच ठरवलं," बाबा म्हणाले, "माझ्या पोरीला असं कुणी विचारता कामा नये."

मला रडू आलं. आवरलं नाही, आवरायचा प्रयत्नही केला नाही. बाबांना रडणाऱ्या माणसाचं काय करायचं ते कळत नाही, त्यांनी टेबल पुसायला फडकं घेतलं. मी ते त्यांच्या हातातून काढून घेतलं.

"बाबा, तुमचा नवा माणूस आता कडेला दाबतो का?"

"कोण? नाही. शिकला." त्यांना काही कळेना. "का?"

"दाबलं तर काय होतं?"

"कड उडते. सांगितलं की त्याला." आणि मग ते माझ्या तोंडाकडे बघत राहिले. मी ओठ वर करून सुळा दाखवला. बाबांनी खिशातला कामाचा चष्मा काढून लावला आणि वाकून हिरडीची कड बघितली, फरशी बघतात तशी, एका डोळ्याने, उजेडाकडे धरून.

"आणि कोपरे?" त्यांनी विचारलं.

"कोपऱ्यांत किटण होतं. काढलं डॉक्टरीणबाईंनी. कोपरे हाताने करायचे. मऊ."

बाबा खुर्चीत मागे टेकले. "तीस वर्षं लोकांना सांगतोय," ते म्हणाले. "तीस वर्षं. आणि घरात मीच..." मी त्यांचा हात धरला. फरशी घासून घासून तोही गुळगुळीत झालाय.

"तो कप चहाचा आहे हं," आई नाक पुसत म्हणाली. "दुसरीकडे ठेवा काय ते."


१५ मार्च, शनिवार

फ्रेमवाल्याला लग्नाच्या फोटोचं माप द्यायचं होतं. त्याने माप घेतलं, सही केली आणि निघाला. विनोद न सांगता. मीच म्हटलं, "आज काही नाही का?"

"तुम्हाला आवडत नाहीत."

"आवडतात. माझा दात लांब झालाय म्हणून हसत नव्हते."

"कुठला?"

मी दाखवला. त्याने नीट बघितला, फ्रेमची जोडणी तपासावी तसा. "हा?" म्हणाला. "मला वाटलं माझ्यात काही खोट आहे." इतका आनंद झालेला माणूस मी बऱ्याच दिवसांत पाहिला नाही. दाताचा त्याला एवढा आनंद का व्हावा कळत नाही.


३० मार्च, रविवार

आज आईबाबांना स्टुडिओत आणलं. काकांकडून भेट म्हणून एक नवा फोटो. फ्रेमवाला लग्नाच्या फोटोची फ्रेम घेऊन हजर होता. ती आज द्यायची असं काही ठरलं नव्हतं, पण तो आला.

बाबांनी स्वतःला हसताना बघितलं. भिंतीला टेकवलेल्या त्या फोटोपुढे हात मागे बांधून उभे राहिले. "पोरगा बरा होता," म्हणाले. उजवा सुळा मी तसाच ठेवलाय. काकांनी विचारलं होतं, सुधारायचा का म्हणून.

मग नव्या फोटोसाठी तिघे ओळीत बसलो. बाबा नेहमीसारखे, निवडणुकीचे. काका पाच मिनिटं "हसा, हसा" करत दमले. शेवटी म्हणाले, "अहो फ्रेमवाले, सांगा काहीतरी तुमचं."

त्याने सासूबाईंच्या जाड काचेचा सांगितला. तोच. दुसरा येत नसावा त्याला.

मी तोंड उघडं टाकून हसले. स्टुडिओभर आवाज गेला. बाबांनी मूठ तोंडाकडे नेली, खांदे हलायला लागले, आणि आई म्हणाली, "माझ्या आईला हसताय होय?" त्यानंतर काही आवरणं शक्यच नव्हतं. बाबांची वरची कवळी सुटली. त्यांनी ती हातात झेलली. काकांनी कॅमेऱ्यावरून डोळे काढले, फ्रेमवाला छताकडे बघायला लागला.

बाबांनी माझ्याकडे बघितलं. मग खालचीही काढली, दोन्ही रुमालात गुंडाळून खिशात ठेवल्या आणि काकांना म्हणाले, "हं. आता काढा."

फोटोत बाबांच्या तोंडात एकही दात नाही आणि डोळे मिटलेत. आई त्यांच्याकडे बघतीये, त्या जुन्या फोटोसारखीच, फक्त लाजत नाही. माझा सुळा उघडा पडलाय, मुळासकट. काकांनी स्क्रीनवर घेतला आणि माझा हात झूमवर गेला नाही.


२० एप्रिल, रविवार

आजचा फोटो मार्चच्या फोटोशेजारी ठेवला. मग परत ठेवला. मग काकांना बोलावून दाखवला, कारण माझ्या डोळ्यांवर माझा विश्वास नव्हता.

हिरडी जिथे होती तिथेच आहे. केसभरही हललेली नाही. लाल रेघ गेली. थंड पाणी प्यायले तर नुसतं थंड लागलं. ब्रश सहा आठवडे झाले तरी नव्यासारखा सरळ उभा आहे, आणि मला त्याचा जुन्या ब्रशाहून जास्त अभिमान वाटतो.

सकाळी बाथरूमचं दार उघडं होतं. बाबा बेसिनशी उभे, हातात कवळी, मऊ ब्रशने कोपरे करत होते. मी शेजारी जाऊन उभी राहिले. आरशात दोघं. मी ब्रश तोंडात घातला तर ते लगेच वाकून बघायला लागले.

"हलक्या हाताने, ठमे. कडेला दाबायचं नाही."

"तुम्हाला काय, तुमचे हातातच आहेत," मी तोंडात फेस घेऊन म्हटलं.

बाबा हसले. दोन्ही हात गुंतले होते, त्यामुळे तोंडापुढे मूठ धरता आली नाही.